वेलांटीभाऊजींचं लोकार्पण

आमच्या शेजारच्या घराला पाटी नाही. गावातल्या निम्म्या पाट्या ज्या माणसाच्या हातच्या, त्याच्याच दाराशी पाटीची चौकट रिकामी. कारण ऐकाल तर हसाल. त्यांच्या आडनावातला उकार ऱ्हस्व की दीर्घ, याचा निकाल अजून लागलेला नाही. वडील दीर्घ लिहायचे, व्याकरण ऱ्हस्व म्हणतं, आणि दोघांपैकी कुणाचाही अपमान करायची त्यांची तयारी नाही. त्यामुळे नवा पोस्टमन आला की आधी माझ्याकडे येतो. "ते दगडवाले कुठे राहतात हो?" मी सांगते, "ज्या घरातून एकीकडून ठकठक आणि दुसरीकडून आरडाओरडा ऐकू येतो ना, ते."

ठकठक भाऊजींची. आरडाओरडा त्यांच्या बायकोचा.

भाऊजी दगडावर अक्षरं कोरतात. अंगणात पत्र्याची शेड आहे, तिथे काळे-पांढरे दगड भिंतीला टेकून उभे असतात, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. आधी पेन्सिलीने रेघा, मग बारीक ब्रशने तांबड्या रंगात अक्षरं, आणि रंग वाळला की त्याच्यावरून छिन्नी. दुसऱ्या गल्लीतल्या दुकानात आता मशीन आलंय, बटण दाबलं की अक्षर तयार. भाऊजी एकदा बघून आले आणि दोन घास कमी जेवले. म्हणाले, "त्या मशीनला काना आणि मात्रा यांतला फरक कळत नाही, दोघांनाही सारखंच दाबतं."

अख्खी गल्ली त्यांना 'वेलांटी' म्हणते. तोंडावर वेलांटीभाऊजी, माघारी नुसतं वेलांटी. हे नाव त्यांनी कमावलंय. गिरणीवाल्याने 'पीठाची गिरणी' असं लिहिलं, तर हे रोज दळण घेऊन जायचे आणि पाटीकडे बघून उसासा टाकायचे. पंधरवड्यात गिरणीवाला इतका वैतागला की त्याने स्वतःच शिडी लावून वेलांटी पुसली आणि ऱ्हस्व काढली. यांच्या लग्नाच्या पत्रिकेत 'आर्शिवाद' छापून आलं होतं. नवऱ्या मुलाने सगळ्या पत्रिका छापखान्यात परत नेल्या. मुलीकडच्यांना वाटलं, मुलगा लग्न मोडतोय! इकडे मुलीची आई रडतेय, आणि तिकडे हा छापखानेवाल्याला रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा ते शिकवतोय.

मुलगी मात्र रडत नव्हती. तिला त्या दिवशी मॅच होती. म्हणजे खेळायची नव्हती, बघायची होती. तिचे वडील आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचे तेव्हाचे गोलकीपर, तिचे दोन्ही भाऊ क्लबात, आणि ती स्वतः लहानपणापासून गोलपोस्टच्या मागे उभी राहून सगळ्यांना शिव्या घालण्यात तरबेज. लग्नानंतरही तिने तो वारसा सोडला नाही. गल्लीत तिला 'रेफरी' म्हणतात. मी ताई म्हणते, कारण ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे आणि हे सगळ्यांना सांगायची मला हौस आहे.

आता क्लबाबद्दल. आमच्या क्लबाला स्वतःचं मैदान नव्हतं. जनावरांचा बाजार भरतो ती जागा क्लब भाड्याने घ्यायचा. शनिवारी बाजार, रविवारी मॅच. यातून काय व्हायचं ते तुम्हीच ओळखा. बाहेरगावचे संघ आले की पहिली दहा मिनिटं खाली बघून खेळायचे. आमच्या पोरांना कुठे पाय ठेवायचा नाही हे पाठ होतं, म्हणून आमचा संघ घरच्या मैदानावर फार हरत नसे. एकदा पाहुण्यांच्या सेंटर फॉरवर्डने गोल मारला आणि आनंदाने गुडघ्यांवर घसरत गेला. तो उठला तेव्हा त्याच्याशी हस्तांदोलन करायला त्याच्या संघातलंही कुणी पुढे आलं नाही.

नवं क्रीडांगण होणार, हे मी या गल्लीत लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. गावाबाहेर जागा ठरलेली होती. दर नगराध्यक्ष निवडून आला की तिथे जायचा, शामियाना घालायचा, पायाभरणी करायचा आणि कोनशिलेचा पडदा ओढायचा. मग काही महिन्यांनी कळायचं, की आता तिथे म्हणे बस डेपो होणार. डेपोही व्हायचा नाही. मग शीतगृह, मग बगीचा. पुढच्या निवडणुकीला परत क्रीडांगण. सहा नगराध्यक्ष, सहा कोनशिला. एकावर जवळपासच्या बायका कपडे धुवायच्या. दुसऱ्यावर शेळ्या उन्हाला बसायच्या. आमची पोरं तिथे सराव करायची तेव्हा गोलपोस्ट म्हणून दोन कोनशिलाच असायच्या. "या नगराध्यक्षाच्या आणि त्या नगराध्यक्षाच्या मधून गेला की गोल!"

आणि या सगळ्या कोनशिला कुणाच्या हातच्या? पहिली सोडली तर सगळ्या आमच्या भाऊजींच्या. पहिली दुसऱ्या कुणाची तरी होती आणि तिच्यावर 'क्रिडांगण' असं, पहिली वेलांटी देऊन कोरलेलं होतं. त्या एका वेलांटीमुळेच क्रीडांगण झालं नाही, असं भाऊजी कैक वर्षं मनापासून मानायचे. पुढच्या प्रत्येक दगडावर त्यांनी 'क्री' अशी दिली, की ती दीर्घ वेलांटी लांबूनही ठसठशीत दिसावी. तरी क्रीडांगण झालं नाहीच.

ताई त्यांना चिडवायची. "तुमच्या दगडांची भिंत बांधली असती ना, एव्हाना एक बाजू तरी झाली असती."

भाऊजी म्हणायचे, "दगडात काही चूक नाही."

"चूक नाही, तेच तर म्हणतेय!"

सातव्या वेळी मात्र गोष्ट गळ्याशी आली. लीगवाल्यांनी कळवलं, की पुढच्या मोसमापासून स्वतःचं मैदान नसलेल्या क्लबांना लीगमध्ये जागा नाही. जनावरांच्या बाजारात खेळणं चालणार नाही. हा मोसम संपेपर्यंत निदान एक सामना स्वतःच्या मैदानावर खेळून दाखवा, नाहीतर क्लब बाहेर. ताईच्या घरात त्या दिवशी आरडाओरडा ऐकू आला नाही. मी घाबरून वाटी घेऊन साखर मागायच्या निमित्ताने गेले. ती वडिलांचे जुने हातमोजे मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, "बस," आणि माझ्या हातातली वाटी घेऊन तशीच रिकामी बाजूला ठेवली. तिचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

त्याच सुमारास सातवे नगराध्यक्ष पायाभरणीला तयार झाले. भाऊजींकडे त्या आठवड्यात नगरपालिकेचे दोन दगड आले. एक नव्या मंडईचा. मंडई बांधून झाली होती, तिचं लोकार्पण. दुसरा क्रीडांगणाचा. तिथे नेहमीसारखी पायाभरणी. नगराध्यक्षांनी माणूस पाठवून एवढंच सांगितलं, की नाव जरा मोठं काढा, बाकीच्या मजकुराच्या दुप्पट.

आता पुढचा घोटाळा कसा झाला, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं. भाऊजी मंडईचा दगड रंगवून क्रीडांगणाच्या दगडावर वळले होते. त्याच वेळी आमच्या क्लबची बाहेरगावी मॅच चालू होती आणि ताई रेडिओ घेऊन शेडमध्ये उभी होती, कारण त्यांच्या घरात रेडिओ फक्त त्या पत्र्याखालीच नीट ऐकू येतो. शेवटची मिनिटं. आमच्याविरुद्ध पेनल्टी.

"उजवीकडे! अरे उजवीकडे उडी मार!" ताई ओरडली.

"अगं, तो रेडिओ आहे," भाऊजी ब्रश न थांबवता म्हणाले. "त्याला ऐकू येत नाही."

"तुम्ही गप्प बसा. उजवीकडेच मारणार तो! त्याचा डावा पाय बघा!"

"रेडिओवर पाय कसा दिसेल?"

आमच्या गोलकीपरने, जो एरवी नळ दुरुस्त करतो, उजवीकडे उडी मारली आणि बॉल अडवला. ताईने रेडिओसकट उडी मारली. भाऊजींचा हात तेवढ्या वेळात आपला आपण चालत राहिला आणि आधीच्या दगडावर लिहिलेला शब्दच परत लिहून मोकळा झाला.

मग चार-पाच दिवस ते त्या दगडावर कोरत बसले. प्रत्येक वेलांटी तपासली, प्रत्येक अनुस्वार तपासला, 'क्ष' चं पोट नीट फुगलंय का ते बोट फिरवून बघितलं. अक्षर न् अक्षर तपासलं. शब्द तेवढा कुणी तपासला नाही. शब्द शुद्धच होता, फक्त दुसऱ्या दगडाचा होता. आणि यांच्या दगडावर नजर टाकायची नगरपालिकेत कुणाची छाती? एकदा एका कारकुनाने टाकली होती, तर त्यालाच जोडाक्षरं शिकून घरी जावं लागलं होतं.

कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. शामियाना, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, मागे काटेरी झुडपं, झुडपांत शेळ्या. नगराध्यक्षांनी दोरी ओढली, पडदा पडला. या साहेबांना मोठ्याने वाचायची सवय आहे, विशेषतः स्वतःचं नाव असेल तर. त्यांनी माइक हातात घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "नगर क्रीडांगणाचे लोकार्पण माननीय नगराध्यक्ष," इथे त्यांनी नाव दोनदा वाचलं, "यांच्या शुभहस्ते संपन्न झाले!"

टाळ्या पडल्या. मग टाळ्या थोड्या कमी झाल्या. मग एकदमच थांबल्या.

माझ्या मागे न्हावी उभा होता, जो आमच्या सामन्यांना लाइन्समन असतो. तो बायकोला म्हणाला, "संपन्न झालं? कधी झालं? मी आत्ता फक्त पाणी प्यायला गेलो होतो."

सगळे क्रीडांगण शोधायला लागले. कुणी दगडाच्या मागे वाकून बघितलं. भाऊजींनी खिशातून चष्मा काढला, घातला, दगडाकडे बघितलं आणि चष्मा परत खिशात ठेवला, जणू सगळा दोष चष्म्याचा. चेहरा असा, की चुना दिलेली भिंत त्यापुढे रंगीत वाटावी.

आणि नेमकी तेव्हा ताई उठली. बाईला माइक लागत नाही.

"साहेब! लोकार्पण म्हणजे लोकांना अर्पण, बरोबर?"

साहेब म्हणाले, "हो, म्हणजे शब्दाचा अर्थ तसा..."

"आम्ही लोक. तुम्ही दिलंत, आम्हाला मिळालं. क्लबतर्फे आभार! रविवारची मॅच इथेच!"

क्लबच्या पोरांनी अशी आरोळी ठोकली की शेळ्या पळाल्या. फोटोवाले पुढे सरसावले. आता फोटोवाले समोर असताना कुठला नगराध्यक्ष म्हणेल, की थांबा, वाचण्यात चूक झाली? साहेबांनी हसून हात वर केला. तोच फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली छापलं होतं, 'अखेर क्रीडांगण जनतेच्या हाती'.

घरी मात्र वेगळाच सामना. भिंतीला कान लावायची गरज नव्हती, दोघंही अंगणात उभी होती.

"उद्या सकाळी जाऊन दुरुस्त करतो," भाऊजी म्हणाले.

"हात लावून बघा त्याला."

"अगं, माझ्या हातची चूक आहे ती! रस्त्याने येणारा-जाणारा वाचेल. जन्मभर वाचेल. मी मेल्यावरही वाचेल!"

"वाचू दे ना. सहा दगड बरोबर लिहिले गेले. काय उगवलं तिथे? काटे!"

"पहिला बरोबर नव्हता. क्रि पहिली होती."

"पाच बरोबर लिहिलेत! पाच! त्या पाचांचं तरी काय झालं?"

भाऊजी शेडमध्ये जाऊन छिन्न्या पुसत बसले. ताईने घडीची खुर्ची, मटारची पिशवी आणि रेडिओ उचलला आणि तडक जाऊन त्या दगडासमोर बसली. रविवारपर्यंत तिने मटार सोलण्यापासून स्वेटर विणण्यापर्यंत सगळी कामं तिथेच केली. भाऊजींचा चहा माझ्याकडे व्हायचा. ते कप हातात धरून म्हणायचे, "वहिनी, तुम्हीच सांगा, त्या दगडासमोरून मी आयुष्यभर कसा जाऊ?" मी म्हणायचे, "मान खाली घालून." त्यांना ते अजिबात विनोदी वाटायचं नाही.

मध्येच नगराध्यक्षांचा सहायक येऊन गेला. अगदी गोड बोलला. साहेबांची काही तक्रार नाही, माणसाच्या हातून होतं, फक्त सोमवारपर्यंत तेवढा शब्द बदलून पायाभरणी करून टाका, म्हणजे विषय मिटला. जाता जाता त्याच्या तोंडून निघून गेलं, की त्या जागेत खरं तर ट्रक उभे करायची सोय करायचं चाललंय. भाऊजींनी ट्रकचं ऐकलं की नाही, देव जाणे. 'बदलून टाका' एवढं मात्र त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

त्यांचा बेत मला तेव्हाच कळला. रविवारी मॅच सुरू झाली की सगळे पाठ फिरवून मैदानाकडे बघणार, ताई तर सगळ्यात पुढे. दगड एकटा. दगड आडवा करायला पहार, कोरायला छिन्न्या, आणि भरायला त्यांची ती खास लुकणी, म्हणजे दगडाची पूड डिंकासारख्या कशात तरी कालवलेली. ती भरून वरून घासली, की जुनं अक्षर होतं हे शपथेवर सांगितलं तरी पटत नाही. आमच्या सासऱ्यांच्या पाटीत त्यांनी एक अक्षर असं बदललंय की मलाच आता सापडत नाही.

रविवारी ते पिशवी खांद्याला लावून निघाले. मी मागून निघाले. मला मॅच बघायची होती असं कुणी म्हणेल तर म्हणू द्या.

पोरांनी झुडपं तोडून, दगड वेचून, चुन्याची फक्की मारून मैदान आखलं होतं. गोलपोस्ट बाजारातून हातगाडीवर आणले होते. प्रेक्षकांनी घरून खुर्च्या, पाट, बादल्या आणल्या होत्या. सहा जुन्या कोनशिला ओळीने मांडून वयस्कर मंडळींसाठी बैठक केली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या कामी आल्या. लीगचा निरीक्षक कागद घेऊन फिरत होता. सगळं ठीक, आणि एवढ्यात सामन्याचा रेफरी म्हणाला, "कोपऱ्यात झेंडे तीनच आहेत. चौथा कुठाय?"

चौथा बाजाराच्या मैदानावर राहिला होता. रेफरी बाहेरगावचा, कडक. झेंडा नाही तर सामना नाही, आणि सामना नाही तर तसं लिहून जातो म्हणाला. पळापळ सुरू झाली. ताईने चारी बाजूंना बघितलं आणि तिला दगडाशी उभे भाऊजी दिसले. पिशवीतून पहारीचं टोक बाहेर आलेलं.

"अहो!" ती ओरडत धावत आली. "पहार आणलीत तुम्ही!"

भाऊजी पिशवी पाठीमागे सरकवायला लागले.

ताईने पहार उपसली, त्यांच्याच खांद्यावरचं तांबडं फडकं ओढून तिला बांधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघा, तुम्हीच सगळे म्हणत होतात ना, वेलांटीला क्लबचं काही नाही! न सांगता पहार घेऊन आलाय माझा नवरा!" तिचा आवाज जरा फाटला. मग तिने चटकन नाक पुसलं आणि पहार कोपऱ्यात ठोकायला पळाली. लोकांनी भाऊजींसाठी टाळ्या वाजवल्या. त्यांना नमस्कारही करता येईना, कारण एका हातात छिन्नी होती.

शिट्टी वाजली, सगळ्यांच्या पाठी फिरल्या. भाऊजी दगडाशी वळले. पहार नाही तर नाही, उभ्यानेच काम करू, असं म्हणत छिन्नी 'लो' वर टेकवली. तेवढ्यात उशिरा येऊन दगडामागे पाट टाकलेले एक आजोबा खेकसले, "ओ, बसा की खाली! काचेचे आहात का तुम्ही?" भाऊजी ओशाळून दगडाच्या कडेला टेकून बसले. बसल्यावर समोर मैदान आलं.

बॉल बाहेर गेला तेव्हा पाहुण्यांचा एक खेळाडू तो घ्यायला दगडाशी आला. त्याने दगड वाचला, इकडेतिकडे बघितलं आणि आमच्या नळवाल्या गोलकीपरला विचारलं, "काय रे, हे क्रीडांगण कुठेय?"

"तू उभा आहेस ना, तेच," गोलकीपर म्हणाला. "चपला बाहेर काढायच्या असतात, पण आज तुला माफ."

भाऊजी खुदकन हसले. मी बघितलं. मग हळूच त्यांनी छिन्नी पिशवीत ठेवली, बॉल कुठे गेला ते बघायला मान लांब केली, आणि दुसऱ्या हाफमध्ये हा माणूस उठून उभा राहून, मागच्या आजोबांची पर्वा न करता, "उजवीकडे! अरे उजवीकडे!" असं ओरडत होता. उजवीकडे आमचं कुणीही नव्हतं. पण त्यांनी घरी इतकी वर्षं हेच ऐकलेलं.

सामना बरोबरीत सुटला. निरीक्षक दगडासमोर थांबला, मजकूर वाचला, मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहून निघून गेला. क्लब लीगमध्ये राहिला.

पण शब्द बदलायचं राहिलं म्हणून सोमवारी नगराध्यक्षांचं बोलावणं आलंच. ताईने मला बरोबर पाठवलं. "तू जा गं, नाहीतर हे 'बरं बरं' म्हणून परत येतील." नगराध्यक्षांच्या खोलीत थंडगार हवा आणि पाण्याचे दोन पेले.

"मग, केव्हा बदलताय?" साहेबांनी विचारलं.

भाऊजी म्हणाले, "साहेब, दगडातलं अक्षर बदलत नाही."

"भरून घ्या ना काहीतरी."

"निघून येतं."

"घासून?"

"तडा जाईल. आणि तडा नेमका आपल्या नावातून जाईल. नाव मोठं आहे ना."

मला इतका खोकला आला की पाण्याचे दोन्ही पेले मीच संपवले. एका न सुटलेल्या उकारापायी स्वतःच्या दाराला पाटी न लावणारा हा माणूस, खुर्चीत ताठ बसून, नगराध्यक्षांच्या डोळ्यांत बघून धडधडीत खोटं बोलत होता! कानाच्या पाळ्या मात्र तांबड्यालाल.

"मग दगडच काढून टाकू," साहेब म्हणाले.

"काढा की. पण पेपरात फोटो आलाय," मी म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझा स्वभावच तसा. "लोक म्हणतील, साहेबांनी दिलं आणि परत नेलं."

साहेब पेपरवेट फिरवायला लागले. मग भाऊजी अगदी शाळेत समजावतात तसं बोलले, "साहेब, वाक्य चुकलं की दोनच उपाय असतात. एक तर शब्द बदलायचा, नाहीतर परिस्थिती. शब्द तर आता बदलत नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. वाईट नव्हता हो माणूस. म्हणाले, "दुप्पट मोठं नाव काढायला सांगितलं, तिथेच माझं चुकलं."

आता क्रीडांगण लगेच उभं राहिलं असं समजू नका. नगरपालिका आहे, जादूगार नाही. कुंपण घातलं आणि गेट विसरले. पोरं वर्षभर कुंपणाखालून सरपटत सरावाला जात होती. स्वच्छतागृह आधी बांधून झालं, त्याच्यात पाणी तीन पावसाळ्यांनी आलं. एका बाजूच्या पायऱ्या झाल्या आणि त्यांच्यावरचं छत एका वादळात उडून थेट जनावरांच्या बाजारात जाऊन पडलं. ताई म्हणाली, "बघा, जुन्या जागेची ओढ!" ते साहेब गेले, दुसरे आले, मग एक बाई आल्या. पण ट्रकचं नाव परत कुणी काढलं नाही. काढणार कसं? जागा अर्पण झालेली होती आणि तिथे दर रविवारी माणसं बसत होती.

परवा चारही बाजू पूर्ण झाल्या. अगदी दिवे, गवत, सगळं. बाईंनी भाऊजींना बोलावून विचारलं, नव्या दगडावर काय लिहायचं? भाऊजी म्हणाले, "लोकार्पण तर झालेलं आहे." बाई म्हणाल्या, "मग आता नुसतीच मॅच खेळूया." आणि खरंच दगड बसवला नाही. भाऊजींचं एक काम गेलं, आणि मला वाटतं, त्यांना एवढं हलकं कधीच वाटलं नसेल.

त्या मॅचला आम्ही तिघं बरोबर निघालो. मुख्य गेटाशीच तो दगड आहे. आता तो इतका प्रसिद्ध झालाय की गावात म्हणतात, "लोकार्पणापाशी भेटू." तिथे माणसांची ही गर्दी, लोक दगडाला टेकून फोटो काढतायत. ताईने जाता जाता दगडावर थाप मारली, वडिलांच्या पाठीवर मारावी तशी, आणि आत गेली. भाऊजी मात्र गेटाच्या आधीच वळले. मागच्या गेटाकडे. म्हणजे अख्ख्या क्रीडांगणाला वळसा, पाण्याच्या टाकीवरून, गटार ओलांडून. पहिल्यापासून ते तिकडूनच जातात.

"भाऊजी, आज तरी समोरून चला!"

"इकडून ऊन लागतं, वहिनी," ते म्हणाले. आकाश भरून आलं होतं.

"अहो, लोक फोटो काढतायत तुमच्या दगडाचे. एकदा बघा तरी!"

"बघितलाय फोटोत," भाऊजी न थांबता म्हणाले. चार पावलं गेले, मग मान जराशी वळवली आणि मी ऐकतेय ना याची खात्री करून हळूच पुढे म्हणाले, "रफार छान आलाय."

आणि गटार ओलांडायला धोतराचा सोगा उचलावा तशी पँट वर धरून मागच्या गेटाकडे निघून गेले.